सत्तावीस की एकोणतीस

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले आणि आज घरात रंगाची चर्चा बसली. मैसूरजवळ हिनकलच्या आमच्या या घराची पुढची भिंत दसऱ्याच्या आत रंगवून घ्यायची, असं सूनबाईंनी ठरवलं आहे. हल्ली सगळेच लोक घराचं तोंड काळं करून घेतात म्हणे. काळं म्हणायचं नाही, गडद राखाडी म्हणायचं. धनुषनं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, नेहमीप्रमाणे मान डोलावली. बायकोनं त्याला चुन्यात बुडवला तरी तो मान डोलावेल.

बेळगोळचा पेंटर चिदंबर शेड कार्ड घेऊन आला होता. नव्यानं, म्हणजे सूनबाईंनी, त्यातल्या दोन चौकोनांवर बोट ठेवलं. एकाचा नंबर ८१२७, दुसऱ्याचा ८१२९. "अप्पा, तुम्हीच सांगा. तुमच्यापेक्षा कलर कोणाला कळतंय?" म्हणाली. हे मात्र खरं बोलली. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबा कापडाला रंग द्यायचे, आजोबा ठसे मारायचे, वडिलांनी शिवरामपेठेत मॅचिंग सेंटर काढलं, आणि गेली चाळीस वर्षं तिथं साडीला ब्लाउजपीस जुळवून देतोय तो मी, मोहनराव. बाई साडीची घडी उलगडायच्या आत माझा हात फळीवर गेलेला असतो.

इथं खासगीत लिहून ठेवतो. त्या दोन चौकोनांत मला काडीचा फरक दिसला नाही. कंपन्यांची ही लबाडी आहे, एकच रंग दोन नंबरांनी विकायचा. पण सारखेच आहेत म्हटलं असतं तर सून म्हणाली असती, म्हाताऱ्याचे डोळे गेले. म्हणून मी चष्मा वर केला, कार्ड उजेडात धरलं, जरा वेळ घेतला आणि सत्तावीसवर नख आपटलं. "याच्या पोटात निळा आहे," म्हणालो. पोटातला रंग ही आमच्या अण्णांची, वडिलांची भाषा. प्रत्येक गडद रंगाच्या पोटात दुसरा एक रंग लपलेला असतो, असं ते म्हणायचे.

"हौदा?" गौरा म्हणाली. ही माझी बायको. कानडीतलं 'हौदा' म्हणजे नुसतं 'असं का?'. मैसूरात सगळे दिवसातून शंभरदा म्हणतात. हिच्या तोंडून आलं की मात्र माझं डोकं फिरतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही, शटर अर्धं ओढून लिहितोय.

त्या 'हौदा'बद्दल लिहायचं राहिलं. गौरा दुकानात दाराजवळच्या स्टुलावर बसून साडीच्या फॉलच्या घड्या घालते. सकाळी माझ्याआधी येऊन फळ्या लावून ठेवते, तेवढं तिला जमतं. कुठला रंग कुठल्या फळीवर कितवा, ते मला झोपेत विचारा. डोळे मिटून काढून देईन. पण मी तुकडा ओढला की कधीकधी स्टुलावरून येतं, "हौदा?" प्रत्येक वेळी नाही, बाईसाहेबांच्या मनाला येईल तेव्हा. मग माझं पित्त खवळतं, हातातला तुकडा आपटून परत ठेवतो आणि शेजारचा काढतो, तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. आणि खरंच ती गप्प बसते. गिऱ्हाईकही खूश होऊन जातं. चाळीस वर्षं हे असं चाललं आहे. नवऱ्याला दोनदा उठबस करायला लावल्याशिवाय बायकांना अन्न पचत नाही, असं माझं मत झालं आहे.

१२ सप्टेंबर

बाजारातून टोमॅटो आणले. गौरा म्हणाली, सगळे कच्चे आहेत. म्हणजे बाजारवालीनं पुन्हा फसवलं. म्हाताऱ्या माणसाला लुबाडायचा या गावात धंदाच झाला आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

चिदंबरनं भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर लांब पट्टे मारले. डावीकडं सत्तावीस, उजवीकडं एकोणतीस. आम्ही सगळे फाटकाशी उभे. नव्याची आई आली होती, तीही.

नव्या म्हणाली, "एकोणतीस बरं दिसतंय, अप्पा. सत्तावीस स्वल्प शेवाळ धरल्यासारखं आहे नोडी, बघा की."

मला ते दोन पट्टे म्हणजे एकच पट्टा दिसत होता, मध्ये कोरी जागा सोडलेला. पण मी एकदा बोललो ते बोललो. "सत्तावीसच," म्हणालो. "पोटात निळा आहे. घराला थंडावा येतो."

"हौदा?" गौरा म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली नाही. "निळा कुठं आहे की त्यात? हिरवा आहे. एकोणतीसच्या पोटात तांबडा आहे."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. चिदंबर ब्रश धुता धुता हसला. त्यानंतर मी जे बोललो ते बोलायलाच हवं होतं, मला त्याचा पश्चात्ताप नाही. मी म्हणालो, "सोसल्याला, तुझ्या माहेरी, रंगारी बापाच्या पिंपात एकच रंग असायचा, गढूळ. त्या पाण्यावर वाढलेली बाई मला रंग शिकवणार? आजपासून घरात काय, दुकानात काय, रंगाबद्दल तुझ्या तोंडून एक शब्द यायला नको. तू घड्या घाल. तुझी अक्कल तेवढीच."

गौरानं एकदा भिंतीकडं पाहिलं. "सरि," म्हणाली, म्हणजे 'बरं', आणि विहीणबाईंसाठी कॉफी करायला आत गेली. कॉफी चांगली झाली होती.

१७ सप्टेंबर, मंगळवार

शांतता. दोन दिवस दुकानात 'हौदा' नाही. मी काढला तो पहिला तुकडा कापला, गुंडाळला, दिला. काम निम्म्या वेळात होतं. आधीच दरडावायला हवं होतं, चाळीस वर्षं फुकट घालवली.

एक गंमत. काल सकाळी ही फळ्या लावायलाही उठली नाही. विचारलं तर म्हणाली, "रंगाचं काम आहे ते." ठीक आहे. आलेला माल मीच लावला, तासाभरात काम संपलं. एवढ्यासाठी ही रोज पहाटे उठून यायची आणि मोठं काम केल्याचा आव आणायची.

२० सप्टेंबर

आठवड्यात सात तुकडे परत आले. एक बाई म्हणते, डाळिंबी मागितला, तुम्ही चॉकलेटी दिला. दुसरीला मेंदी हवा होता, तिला म्हणे विटकरी गेला. हल्लीच्या बायका ट्यूबलाइटखाली साडी बघतात आणि माझ्याशी वाद घालतात. मी दोघींनाही म्हणालो, तुमचे डोळे तपासा. गौरा स्टुलावर होती. तिनं घडीवरची नजर वर केली नाही.

२१ सप्टेंबर

पुन्हा टोमॅटो आणले. गौरानं काही न बोलता चिरले. सार तुरट झालं होतं. चौघंही निमूट जेवलो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तुकडे परत येताहेत ही बातमी घरात कोणी पोचवली कळत नाही. धनुष रजा काढून मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. पोरगेलीशी डॉक्टर, पण हात हलका. मोतीबिंदू नाही म्हणाली, वयाच्या मानानं डोळे स्वच्छ आहेत. मी धनुषकडं पाहिलं, ऐकलंस ना म्हणून.

मग तिनं एक पुस्तक पुढं केलं. पानापानावर रंगीत ठिपके. "यात कुठला आकडा दिसतोय, सांगा." आकडा कसला, गोवर उठल्यासारखे नुसते ठिपके. तिनं पान उलटलं, तिथंही तेच. तिसऱ्या पानाला मी म्हणालो, "बाळ, मी शाळेत नाव घालायला आलेलो नाही." ती हसली नाही. "लहानपणापासून असंच आहे का, सर?" म्हणून विचारलं. कसं असंच? मी उठलो. रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे उद्धटपणाची हद्द झाली.

धनुष खाली मान घालून बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "अप्पा, सोडा की दुकान आता. झालं तेवढं पुरे." म्हणजे दुकानावर डोळा आहे तर. बापाला घरी बसवायचं आणि जागा भाड्यानं द्यायची. मी ऑटो करून एकटा दुकानात आलो.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज अण्णांची तिथी. नव्यानं मला विचारलं, तुमचे वडील कसे होते? तिला दोन वाक्यांत वाटेला लावली. इथं लिहितो.

अण्णांनी मला दहा वर्षं तागे उतरवायला आणि माप घ्यायला ठेवलं. रंग काढायचा त्यांनी, कात्री चालवायची त्यांनी. मी फळीकडं हात नेला की म्हणायचे, "तू राहू दे." मत्सर, दुसरं काय. मुलगी बघायला सोसल्याला गेलो तेव्हाही यांचं काही वेगळंच. पोह्यांच्या आधी म्हाताऱ्यानं पिशवीतून वीस रिळं काढून परातीत ओतली आणि गौराला म्हणाला, फिक्यापासून गडदपर्यंत लाव बघू. माझ्या मनात आलं, हा सून बघतोय की दुकानाला बाई. तिनं पोहे निवायच्या आत लावली. अण्णांनी तिथंच होकार दिला. मला मुलगी आवडली का, हे विचारलंही नाही.

लग्नाला चार महिने झाले होते. दसऱ्याची गर्दी, दुकानात उभं राहायला जागा नाही. मी एका डब्यातली दोन रिळं काढली, दोन्ही अगदी सारखी, गडद. अण्णांपुढं ठेवली आणि विचारलं, यातलं कुठलं कुठल्या साडीला जाईल? म्हाताऱ्यानं ती दारात नेली, उजेडात फिरवली. "एकाच्या पोटात हिरवा आहे, एकाच्या तांबडा," म्हणाले. मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा हसलो. "अण्णा, एकाच डब्यातली आहेत, एकच रंग आहे. तुम्हाला दिसत नाही आता. कात्री ठेवा खाली."

गौरा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि कात्री माझ्यासमोर सरकवली. पुन्हा तिला शिवले नाहीत. मरेपर्यंत अकरा वर्षं दाराजवळच्या स्टुलावर बसून फॉलच्या घड्या घालत होते, शेजारी जमिनीवर गौरा. ते गेले तेव्हा ती स्टुलावर बसली.

मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. धंद्यात एक जण उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. आज पिंड ठेवताना हात जरा थांबला, भात गरम होता म्हणून.

१ ऑक्टोबर

जयलक्ष्मीबाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या कानडी बाई, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मुलीच्या लग्नाची पानासारखी हिरवी साडी, तिला गेल्या आठवड्यात मी तुकडा दिला होता. तो काउंटरवर ठेवला. माझ्याशी बोलल्या नाहीत, सरळ स्टुलाकडं वळल्या. "गौरम्मा, एनायितु?" काय झालं, म्हणून विचारलं.

गौरा म्हणाली, "रंगाचं ह्यांना विचारा."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि समजल्यासारखी मान हलवून निघून गेल्या. काय समजल्या ते त्यांनाच माहीत. तो तुकडा काउंटरवरच आहे. मी तीनदा बघितला. चांगला हिरवा आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

भिंत तीन आठवडे दोन पट्टे घेऊन उभी आहे. चिदंबरला दुसरीकडं काम लागलं आहे, नवरात्र सुरू झालं, येणारा जाणारा विचारतो. घर माझ्या नावावर, त्यामुळं माझ्या शब्दापुढं कोणी जात नाही, पण तोंडं फुगलेली. आज सकाळी नव्या म्हणाली, "अप्पा, एक काम करू. चिदंबर दोन बोर्डांना दोन कलर लावून आणतील, नंबर मागं लिहितील. तुम्ही बघून सांगा कुठलं कुठलं. बरोबर आलं तर सत्तावीस. नाही तर एकोणतीस. आय्तु, विषय संपला."

नाही म्हणायला हवं होतं. पण विहीणबाई कोपऱ्यात बसल्या होत्या आणि धनुष मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता, मला बघायचंच नाही अशा थाटात. मी म्हणालो, "नुसत्या भिंतीवर काय? मी चुकलो तर यंदा आयुधपूजेला दुकानाची कात्री हिच्या हातात देतो." आणि गौराकडं बोट केलं. लोक हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही.

चिदंबरनं बोर्ड आणून खुर्चीवर टेकवले. मी दोन्ही उचलले, दारात नेले, उजेडात फिरवले. एकच रंग. वास घेतला. खरं सांगतो, मला घाम फुटला होता. आणि मग एकदम डोक्यात लख्ख पडलं. यांनी एकाच डब्यातला रंग दोन्ही बोर्डांना फासला आहे. मी अण्णांना केलं तेच. गौरा तेव्हा तिथं ट्रे घेऊन उभी होती, तिनंच सुनेला शिकवलं असणार. माझ्या तोंडून 'हा निळा, हा तांबडा' असं वदवून घ्यायचं आणि मग हसायचं.

मी गौराकडं पाहिलं. ती गप्प उभी होती. 'हौदा' नाही, काही नाही. का कोण जाणे, ती गप्प आहे म्हटल्यावर मला धीर आला.

"दोन्ही एकच आहेत," मी म्हणालो. "एकाच डब्यातले. हा खेळ तुमच्या आधी मी खेळून बसलोय."

नव्यानं माझ्या हातातून बोर्ड घेतले आणि पाठी फिरवून दाखवल्या. एकावर ८१२७, दुसऱ्यावर ८१२९. मी म्हणालो, नंबर काय, कोणीही लिहील. चिदंबर म्हणाला, "दोन वेगळे डबे आहेत, यजमान्रे. बाहेर ठेवलेत. उघडून बघा की." नव्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं हसायला हवं होतं. हसली असती तर मी ऐकवलं असतं.

गौरानं कॉफीचे पेले गोळा केले आणि आत नेले.

७ ऑक्टोबर, सोमवार

दोन्ही बोर्ड पिशवीत घालून दुकानात नेले. घरचे सगळे एकमेकांना सामील आहेत, तेव्हा परक्याला विचारायचं ठरवलं. समोर फूलवाली बसते. तिच्यापुढं धरले. ती हार बांधत होती. एकदा वर बघितलं, पुन्हा खाली. "ओंदु हसिरु, ओंदु केंपु," म्हणाली. एक हिरवा, एक तांबडा. मग मला हार हवा आहे का विचारलं.

तिच्या टोपलीत गुलाब होते. पानं कुठली आणि फुलं कुठली, ते मला आकारावरून कळतं. सगळ्यांना तसंच कळतं, असं मी अडुसष्ट वर्षं धरून चाललो होतो.

दिवसभर शटर उघडलं नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. आयुधपूजा.

शब्द दिला होता. मोडला असता तरी कोणी काही म्हणालं नसतं, आणि तेच मला सहन झालं नसतं.

काउंटर धुतला, मीटरपट्टीला आणि कात्रीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दारात कोहळा फोडला. नव्या, धनुष आले होते, प्रसाद घेऊन गेले. मग मी कात्री गौरासमोर धरली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि काउंटरच्या आत जाऊन उभी राहिली. नको म्हणाली नाही. एकदा तरी नको म्हणेल असं मला वाटलं होतं.

मला राहवलं नाही. "चाळीस वर्षं हौदा, हौदा करून डोकं खाल्लंस. त्या दिवशी बोर्ड हातात होते तेव्हा का नाही म्हणालीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं की, रंगाचं बोलू नको म्हणून."

"आणि अण्णांच्या वेळी? तेव्हा तर मी काही सांगितलं नव्हतं. माझ्या हातात एकाच रंगाची दोन रिळं होती."

तिनं कात्रीवरचं जास्तीचं कुंकू बोटानं पुसलं. "दोन रंगांची होती. एक हिरवट, एक तांबूस. डबा एक होता म्हणून रंग एक होतोय काय? मामंजी बरोबर होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मामंजींनी डोळ्यानंच नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी म्हणाले, त्याला कळू देऊ नको. त्याला दिसत नाही, म्हणून तुला आणलंय." आणि मग, मी विचारलं नसताना, सावकाश सगळं सांगितलं. सोसल्याला अण्णा आधी एकटे गेले होते. तिच्या वडलांच्या पाया पडले होते, माझ्या मुलाला रंग दिसत नाहीत, तुमची मुलगी द्या म्हणून. "माझ्या अप्पांच्या पिंपात सात रंग होते," म्हणाली. "गढूळ पाणी हात धुवायचं होतं. ते मामंजींनी बघितलं होतं. तुम्ही पोहे खात होता."

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"काय की. मोजलं नाही."

"धनुषला?"

"तो सहावीत असताना ओळखलं त्यानं. कोणाला सांगू नको म्हणून मीच गप्प बसवलं."

"गिऱ्हाइकांना?"

"जुन्यांना आहे. नावाला तुम्हाला हाक मारतात, बघतात माझ्याकडं. तुम्ही कधी वर बघितलं नाहीत."

तिला मारावं असं वाटलं, आणि तिच्या पाया पडावं असंही, आणि दोन्हींपैकी काही करायची माझी पात्रता नाही हेही वाटलं. अण्णांनी ती अकरा वर्षं स्टुलावर बसून काय बघितलं असेल? मी विचारलं, "एवढी वर्षं सांभाळलंस, मग आत्ता का सोडलंस? एका शब्दासाठी?"

"एका नाही," ती म्हणाली. "मामंजींनी त्याला सांभाळ म्हणून सांगितलं होतं. माझ्या अप्पांना शिव्या खाऊ दे म्हणून नव्हतं सांगितलं."

तेवढ्यात एक बाई साडी घेऊन आत आली आणि गौरा फळीकडं वळली. मला जायला जागा नव्हती, म्हणून मी स्टुलावर बसलो.

२० ऑक्टोबर, रविवार

आठ दिवस फॉलच्या घड्या घालतोय. फॉलचा रंग बघावा लागत नाही, कडेला कडा जुळली की झालं. फळ्या पुन्हा पहाटे लागतात. जयलक्ष्मीबाई येऊन हिरव्या साडीचा तुकडा घेऊन गेल्या. गौराला गप्पा मारता मारता म्हणाल्या, बरं झालं. मी तिथंच होतो.

परवा एकदा हिनं तुकडा काढला तेव्हा मी मुद्दाम स्टुलावरून "हौदा?" म्हणालो. गौरानं वळूनही पाहिलं नाही. तुकडा कापला, गुंडाळला, दिला. बाई उजेडात बघून खूश होऊन गेली.

आम्ही दोघं दुकानात असताना चिदंबरनं आठवडाभरात घराचं काम उरकलं. आज रविवार, म्हणून पहिल्यांदा दिवसाउजेडी फाटकाबाहेर उभं राहून बघितलं. पुढची भिंत एकसारखी गडद झाली आहे. हात चांगले मारलेत, कुठं डाग नाही. शेजारचे थांबून बघतात, छान दिसतंय म्हणतात. मीही छान म्हणतो. शेवटी कुठला लावला, ते मला कोणी सांगितलं नाही. नव्याला विचारलं तर ती गडबडली आणि म्हणाली, "अत्तेंना विचारा, अप्पा." म्हणजे तिच्या सासूला.

गौरा दारापुढच्या ओट्यावर टोमॅटो निवडत होती. मी म्हणालो, "भिंतीला एकोणतीस लावला ना?"

"हौदा?" ती म्हणाली.

मी पुन्हा भिंतीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मग सत्तावीस."

"हौदा?" ती म्हणाली, आणि टोमॅटो घेऊन आत गेली.